एमएस्सीच्या मुलांना पहिला शोधनिबंध कसा वाचायला द्यावा?

तासिकावाली_फिजिक्स

नमस्कार. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी एमएस्सी फिजिक्सला शिकवते. तासिका तत्त्वावर, सहावं वर्ष. दुसऱ्या वर्षाला चौदा जण आहेत, त्यात नऊ मुली. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्राला रिसर्च मेथडॉलॉजी आहे, तिसऱ्या-चौथ्या सत्राला रिसर्च प्रोजेक्ट. पण या चौदांपैकी एकानेही आजवर एक अख्खा शोधनिबंध वाचलेला नाही. ‘पेपर’ म्हटलं की त्यांना परीक्षेचाच आठवतो.

गेल्या महिन्यात वर्गात विचारलं, "आत्ता, या वर्षी, फिजिक्समध्ये कशावर काम चाललंय?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पुस्तकातले सगळे तर वारलेत." ती चेष्टा करत नव्हती. विषय कधीच पूर्ण झालाय, आपण तो फक्त पाठ करायचा, असंच तिला वाटत होतं. त्या दिवशी घरी गेल्यावरही तेच डोक्यात होतं. पाच वर्षं मी तरी त्यांना वेगळं काय दाखवलं?

म्हणून आर्काइव्ह या शोधनिबंधांच्या खुल्या साइटवरून सुपरकंडक्टिव्हिटीवरचा (रोधाशिवाय वीज वाहणं) एक अकरा पानी लेख उतरवला, झेरॉक्स काढून वाटला आणि सांगितलं, वाचून या. पुढच्या बुधवारी निम्मा वर्ग गैरहजर. एका मुलीने पहिल्या पानावर पेन्सिलीने प्रत्येक शब्दावर मराठी अर्थ लिहून आणला होता. सगळ्या शब्दांचे अर्थ होते, तरी वाक्य एकही कळलं नव्हतं. तिने त्यावर दोन रात्री घातल्या होत्या. चूक माझीच होती.

पाहुण्यांचं व्याख्यान एकदा करून झालंय. मुलांनी फोटो काढले, बाकी काही उरलं नाही.

माझ्याकडे बुधवारी प्रॅक्टिकलनंतर दीड तास असतो. शेवटची एसटी सव्वापाचला. प्रोजेक्टर मिळेलच असं नाही. लायब्ररीत परदेशी जर्नल एकही नाही. कोणता लेख द्यावा, आणि वर्गात नेमकं काय करावं?

खडक_आणि_खडू

मॅडम, तुमची चूक एवढीच की लेख फार लांबचा निवडलात. मी भूशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. एकोणीस वर्षं दर गुरुवारी एमएस्सीच्या मुलांची बैठक घेतली. पहिली तीन वर्षं तुमच्यासारखंच ‘वाचून या’ करत होतो आणि दर वर्षी दिवाळीपर्यंत बैठक बंद पडायची. चौथ्या वर्षी एक ठरवलं: सुरुवात लेखापासून करायची नाही, भांडणापासून करायची. आणि ते भांडण एका आकड्याचं असावं.

तुम्ही बुलढाण्यात आहात, म्हणजे जगातलं एक उत्तम भांडण तुमच्या दाराशी आहे. लोणार!

सगळ्या मुलांनी सरोवर पाहिलेलं असणार. लवणासुराची गोष्ट आजीकडून ऐकलेली असणार. आता त्यांना एवढंच विचारा की हा खड्डा किती वर्षांपूर्वी पडला. १९९७मध्ये थर्मोल्युमिनेसन्सने काढलेलं वय आहे ५२ हजार वर्षं, अधिक-उणे ६ हजार. २०११मध्ये आरगॉन-आरगॉन पद्धतीने काढलेलं वय आहे ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. खड्डा एकच आणि वयात जवळजवळ अकरा पट फरक. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि दहा मिनिटं काही बोलू नका.

मुलं आधी म्हणतील, एक चुकलंय. मग कोणीतरी विचारेल की अधिक-उणे ६ हजार म्हटलंय, तर पाच लाखांचा फरक कसा? हा प्रश्न यावा म्हणूनच सगळा खटाटोप. बीएस्सीपासून मुलं व्हर्नियरची चूक काढतात, प्रॅक्टिकलच्या वहीत अधिक-उणे लिहितात, आणि तो आकडा नेमकं काय सांगतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा मोजलं तर उत्तर किती हलेल, एवढंच तो सांगतो. पद्धतीने जे गृहीत धरलंय तेच चुकीचं असेल, तर त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

दोन्ही पद्धती तुमच्या विषयातल्या आहेत, माझ्या नाहीत. थर्मोल्युमिनेसन्समध्ये आजूबाजूच्या किरणोत्साराने इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या किंवा काचेतल्या सापळ्यांत अडकत जातात. नमुना तापवला की ते सुटतात आणि उजेड देतात. उल्का आदळली तेव्हा सगळं तापलं, सापळे रिकामे झाले, म्हणजे घड्याळ शून्यावर आलं. पण सापळे गळतात, आणि भरले की पुढचं मोजता येत नाही. दोन्ही गोष्टींनी वय खरं असेल त्यापेक्षा कमी दिसतं. आरगॉनचं उलटं. खडकातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४०चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं, त्यातून आरगॉन साठत जातो. खडक पूर्ण वितळून जुना आरगॉन निघून गेला असेल तरच घड्याळ शून्यावर येतं. लोणारचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. आदळताना वितळलेल्या खडकाची काच झाली, तिच्यात थोडा जुना आरगॉन राहून गेला तर वय जास्त दिसतं.

इथे मुलांना गणित करायला लावा, खडू पुरतो. आदळण्याच्या वेळी जुन्या आरगॉनपैकी शेकडा एक भाग मागे राहिला, तर वयात किती भर पडेल? साडेसहा कोटींचा शेकडा एक, म्हणजे साडेसहा लाख वर्षं! अख्खं भांडण शेकडा एकात मावतं. हे स्वतःच्या हाताने काढल्यावर मुलं खुर्चीत पुढे सरकलेली मी दर वर्षी पाहिली आहेत. २०११च्या लेखकांना हा धोका अर्थातच ठाऊक होता. त्यांनी राहिलेला आरगॉन कसा ओळखला आणि हिशेबात कसा धरला, हे त्या लेखातच आहे. आता मुलांना लेख हवासा वाटतो. आता द्या.

तोही सगळा नाही. पहिल्या बुधवारी फक्त एक आकृती आणि तिच्याखालची ओळ. आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, एकेक ठिपका म्हणजे काय, ठिपके किती. एवढ्यात दीड तास संपतो. पुढच्या वेळी नमुने कुठून आणले, कसे निवडले तो भाग. सारांश आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी, कारण तिथली इंग्रजी सर्वात अवघड असते आणि मुलं तिथेच अडून बसतात. प्रत्येकाने न कळलेले तीन शब्द चिठ्ठीवर आणायचे. ज्याच्याकडे एकही चिठ्ठी नाही त्याने वाचलेलं नाही, असं मी समजत असे.

जमलं तर सगळ्यांना लोणारला न्या. १९७३पर्यंत या खड्ड्याचं मूळ ज्वालामुखीचं की उल्केचं हा वाद होता. त्या वर्षी इथल्या बेसाल्टमध्ये मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. फार मोठ्या धक्क्याने फेल्डस्पार या खनिजाचं काचेसारखं रूप होतं, ते हे. त्याने वाद मिटला. काठावर उभं राहून हे सांगणं आणि वर्गात सांगणं यांत फरक पडतो. फक्त दगड उचलू देऊ नका, ते अभयारण्य आहे.

तासिकावाली_फिजिक्स

सर, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. शेकडा एकचं गणित आत्ताच वहीत करून पाहिलं. एक शंका विचारते. आरगॉन-आरगॉनमध्ये दुसरा आरगॉन कुठून येतो, हेच मला काल रात्री शोधावं लागलं. मुलांनी असं काही विचारलं आणि मला आलं नाही तर?

खडक_आणि_खडू

नमुना अणुभट्टीत ठेवतात, न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोटॅशियम-३९चा आरगॉन-३९ होतो, मग एकाच यंत्रात दोन्ही आरगॉन मोजता येतात. हे तुम्ही रात्री शोधलंत ना? मग वर्गात तसंच सांगा: मला माहीत नव्हतं, मी असं असं शोधलं. माझ्या बैठकीत फळ्याचा उजवा कोपरा ‘पुढच्या गुरुवारी’साठी राखलेला असे. तो भरला नाही तर बैठक फुकट गेली असं वाटायचं.

हिंगोलीची_पोर

मॅडम, मी पुण्यात पीएचडी करतेय, चौथं वर्ष. एमएस्सी मराठवाड्यातल्या कॉलेजात झालं, तिथे मीही शब्दाशब्दावर पेन्सिलीने अर्थ लिहिलेत. त्या मुलीला माझा निरोप द्या की ते वाया जात नाही. मला इथे आल्यावर कळलं की लेखातली क्रियापदं फार थोडी असतात, तीच तीच फिरून येतात. पाच लेख झाले की पेन्सिल आपोआप कमी होते.

सरांच्या लोणारला मी एक जोड सुचवते. गुरुत्वीय लहरींची खरी मोजमापं सगळ्यांसाठी खुली आहेत. ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरच्या साइटवर १४ सप्टेंबर २०१५च्या पहिल्या लहरीची ३२ सेकंदांची फाइल मिळते. गूगल कोलॅबवर पायथॉन चालतं, मुलांच्या मोबाइलवरसुद्धा, कॉम्प्युटर लॅब लागत नाही. आधी कच्चा आलेख काढा, नुसता गोंधळ दिसतो. मग साधारण ३५ ते ३५० हर्ट्झच्या बाहेरचं गाळा, यंत्राच्या स्वतःच्या ठराविक गुणगुणण्याच्या रेषा काढून टाका, आणि ०.२ सेकंदांची ती चढत जाणारी लहर वर येते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हॉस्टेलवर रात्रीचे दोन वाजले होते आणि मी शेजारच्या खोलीतल्या मुलीला उठवून दाखवलं होतं.

यात खडूचं गणितही आहे. ही लहर टिपणाऱ्या लायगोच्या अमेरिकेत दोन वेधशाळा आहेत, लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड. लिव्हिंग्स्टनला लहर हॅनफर्डच्या सुमारे ७ मिलिसेकंद आधी पोचली. दोन्ही ठिकाणांत ३ हजार किलोमीटर अंतर. लहर प्रकाशाच्याच वेगाने जाते, मग प्रकाशाला किती वेळ लागेल? १० मिलिसेकंद. लहर तिरकी आली तर फरक त्याहून कमी, म्हणजे ७ चालतील, १२ आले असते तर ती लहरच नव्हे. मुलांना हे स्वतः तपासता येतं. आणि तशीच वेधशाळा, लायगो-इंडिया, आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली. तुमच्या वर्गातल्या मुलींना तिथे नोकरी मिळू शकते. हे त्यांना नक्की सांगा, मला कोणी सांगितलं नव्हतं.

लेख विकत घ्यायला सांगणारी साइट दिसली तर आधी शीर्षक आर्काइव्हवर टाकून बघा, फिजिक्सचे बहुतेक लेख तिथे फुकट असतात. नाही सापडला तर लेखकाला ईमेल करा. बहुतेक जण पाठवतात, कोणी आपला लेख मागितला याचा त्यांना आनंद होतो.

रसायन_नांदेड

मी केमिस्ट्रीचा आहे, म्हणून थोडक्यात. ज्यांना वाटतं सगळे वारलेत त्यांच्यासाठी एलके-९९ घ्या. २२ जुलै २०२३ला कोरियातल्या गटाने आर्काइव्हवर टाकलं की साध्या तापमानाला सुपरकंडक्टर मिळाला. पुढच्या काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं, आपल्या दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीनेही, आणि सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नाही. रोध १०४ अंश सेल्सियसच्या आसपास एकदम पडतो असं मूळ लेखात होतं. आणि कॉपर सल्फाइड नेमकं त्याच तापमानाला रचना बदलतं. ते मिश्रणात आलं कुठून? लॅनारकाइट आणि कॉपर फॉस्फाइड घेतलंय, लॅनारकाइटमध्ये सल्फेट आहे, समीकरण तोलायला बसलं की गंधक दिसतंच. हे बीएस्सीचं केमिस्ट्री आहे! माझ्या मुलांनी मूळ लेखातला आलेख आणि कॉपर सल्फाइडचा आलेख शेजारी ठेवून पाहिले तेव्हा वर्गात जे झालं ते एरवी कधी होत नाही.

सरांशी एका बाबतीत माझं जमत नाही. भांडणाने सुरुवात केली की काही मुलांचा समज होतो की शास्त्रज्ञांनाच काही ठाऊक नाही. म्हणून मी शेवट झालेलं भांडण घेतो, आणि चालू भांडण दुसऱ्या सत्रात.

खडक_आणि_खडू

हा धोका खरा आहे. मलाही दोन मुलं तशी भेटली. पण लोणार उल्केनेच झालं याबद्दल आता दुमत नाही, वयाबद्दल आहे. कुठे एकमत आणि कुठे नाही, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर रेघ मारून दाखवावं, मग तो समज होत नाही.

तासिकावाली_फिजिक्स

काल पहिली बैठक झाली. चौदापैकी अकरा जण होते. दोन आकडे लिहिले आणि गप्प बसले, तुम्ही म्हणालात तसं. ‘अधिक-उणे’चा प्रश्न चौथ्या मिनिटाला आला, आणि विचारणारा मुलगा वर्षभरात वर्गात एकदाही बोललेला नव्हता. शेकडा एकचं गणित सगळ्यांनी केलं. मग ती ‘सगळे वारलेत’वाली मुलगी म्हणाली, "मॅडम, हे २०११वाले जिवंत असतील ना? त्यांनी काचेच्या किती कण्या मोजल्या ते विचारू या." मी म्हटलं, ते लेखातच असेल. ती म्हणाली, लेखात बघू आणि नाही कळलं तर विचारू.

आकृतीला वेळच उरला नाही, ती पुढच्या बुधवारी. उजवा कोपरा भरला: सापळे गळतात म्हणजे नक्की काय, अणुभट्टीत किती वेळ ठेवतात, आणि लोणारचं पाणी खारं का. शेवटचा प्रश्न फिजिक्सचा नाही, पण तोही ठेवलाय. एसटी चुकायला आली होती, दोघी पळत गेल्या.

मुलं ईमेलचा मसुदा लिहिताहेत. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होऊन पुढे पूर्ण पानभर माफी आहे. ती किती कापू आणि किती राहू देऊ? हिंगोलीच्या ताई, तुम्ही बघून द्याल का? शनिवारपर्यंत इथे टाकते.