मदत हवी आहे: पेशींवरचा म्यूकस (चिकट स्राव) स्लाइडवर येईपर्यंत गायब

नमस्कार मंडळी. सांगलीत पीएचडी करतोय. तासगावच्या मावशीकडच्या विरजणातून लॅक्टोबॅसिलस बॅक्टेरिया वेगळे केलेत. ते आतड्याच्या म्यूकसमध्ये मुक्काम करतात की सरळ पेशींना जाऊन चिकटतात, एवढंच बघायचंय. त्यासाठी ट्रान्सवेल इन्सर्टमध्ये (तळाला सच्छिद्र पडदा असलेली छोटी वाटी) कॅको-२ आणि म्यूकस सोडणाऱ्या एचटी२९-एमटीएक्स, या आतड्याच्या पेशी ९:१ प्रमाणात २१ दिवस वाढवतो. शेवटचा आठवडा वरचं मीडियम काढून पेशी हवेला उघड्या ठेवतो, म्हणजे म्यूकसचा थर जाड होतो.

म्यूकस तयार होतोय, त्यात शंका नाही. पिपेटचं टोक उचललं की पिकल्या भोकरासारखी तार येते. पण फॉर्मलिनमध्ये फिक्स करून, सेक्शन कापून अल्शियन ब्लू (म्यूकस निळा करणारा रंग) लावला की निळे ठिपके फक्त पेशींच्या आत. वर काहीच नाही, आणि बॅक्टेरिया थेट पेशींना टेकलेले. हे खरं धरलं तर माझा निष्कर्षच उलटा होतो.

फॉर्मलिनमधल्या पाण्याने म्यूकसचा थर कोसळतो, त्याऐवजी बिनपाण्याचं मिथेनॉल-कार्नॉय वापर (मिथेनॉल ६०, क्लोरोफॉर्म ३०, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १०), असं सगळे सांगतात. उतीच्या तुकड्याला ठीक आहे हो, पण माझ्या इन्सर्टचा पडदा पॉलिकार्बोनेटचा! एक वाया गेलेला इन्सर्ट बुडवून पाहिला, चिकट लगदा झाला. पॉलिएस्टरचा पडदा टिकतो का? की गोठवूनच सेक्शन घ्यायचे?

(पेन-स्ट्रेप, म्हणजे मीडियममधली अँटिबायोटिक्स, आदल्या दिवशीच काढतो. गुलाबी मीडियम पिवळं पडायच्या आत, चार तासांत थांबतो.)

प्रतिसाद १: फिक्स करण्याआधी पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) धुतोस का?

धागाकर्ता: हो, तीनदा. न चिकटलेले बॅक्टेरिया जावेत म्हणून.

प्रतिसाद १: मग फॉर्मलिनला शिव्या नंतर घाल. सैल म्यूकस त्या तीन धुण्यांतच गेला, आणि त्यात राहणारे बॅक्टेरियाही. तू मोजतोयस ते उरलेले. पुढच्या वेळी एक इन्सर्ट अजिबात धुऊ नकोस. फिक्सही करू नकोस. एक मायक्रॉनचे फ्लुरोसंट मणी वरून सोड आणि जिवंतच कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली (थरांची खोली दाखवणारा) बघ. मणी म्यूकसवर अडकतात. तिथून पेशींपर्यंतचं अंतर म्हणजे थराची जाडी. पडद्याचा प्रश्नच मिटला.
आणखी एक. एमटीएक्स पेशी मुख्यतः एमयूसी५एसी हे म्यूसिन (म्यूकसचं मुख्य प्रथिन) सोडतात. ते जठरातलं. मोठ्या आतड्यात एमयूसी२ असतं. थीसिसमध्ये 'मोठं आतडं' लिहिताना जरा हात आखडता घे.

धागाकर्ता: धुतलेलं पीबीएस दर वेळी ब्लीच घालून बेसिनमध्ये ओतत होतो. आजचं तिन्ही वेळचं वेगवेगळं ठेवलंय, एमआरएस प्लेटवर (लॅक्टोबॅसिलस वाढवायचं माध्यम) पसरतो, म्हणजे धुण्यात किती बॅक्टेरिया गेले ते कळेल.