मदत हवी आहे : बातम्यांतून इंग्रजी शब्द पक्के कसे करून घ्यावेत?

नमस्कार. मी कोथरूडला राहते. मराठी माध्यमात नववीत शिकणाऱ्या भाचीसोबत मी रोज संध्याकाळी हवामान बदल किंवा दुर्मीळ प्राण्यांविषयीची एक इंग्रजी बातमी वाचते. अडचण अशी आहे की, बातमीत ‘व्हल्नरेबल’, ‘एन्डेंजर्ड’ आणि ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’ असे तीन शब्द आले तरी ती तिन्हींपुढे ‘धोक्यात’ एवढेच लिहिते. शेवटी मी धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीतील वाढत्या धोक्याच्या पायऱ्यांप्रमाणे अनुक्रमे बिबट्या, वाघ आणि माळढोक अशी उदाहरणे दिली, तेव्हा फरक तिच्या लक्षात आला. जुन्नरच्या बातम्यांमुळे बिबट्या तर तिच्या परिचयाचाच आहे! मात्र भारतातून चित्ता ‘एक्स्टिंक्ट’ झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले होते, मग २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्ते आले कुठून, या तिच्या प्रश्नावरून एका प्रदेशापुरते नामशेष होण्यासाठी ‘एक्स्टर्पेटेड’ असा वेगळा शब्द आहे, हे मलाच नव्याने कळले.

‘मिटिगेशन’ (हवामान बदलाची तीव्रता कमी करणे) आणि ‘अ‍ॅडॅप्टेशन’ (त्या बदलाशी जुळवून घेणे) यांसारखे अमूर्त शब्द मात्र दोन दिवसांत विसरले जातात. असे शब्द स्वतःच्या वाक्यांत वापरण्याचा सराव आपण मुलांकडून कसा करून घेता, आणि नववीच्या मुलीला झेपतील अशा सोप्या इंग्रजी बातम्या कुठे मिळतील, हे कृपया अनुभवी शिक्षकांनी व पालकांनी सांगावे.