हॅमस्टर रात्रभर पिंजऱ्याचे गज चावतो, काय करावं?

सदाफुली (डोंबिवली)

नमस्कार मंडळी,

लेकासाठी हॅमस्टर आणलाय. सीरियन जातीचा, बिस्किटी रंगाचा, नाव चिकू. दुकानदाराने सोबत पिंजरा दिला. दीड फूट लांब, एक फूट रुंद, खाली गुलाबी प्लॅस्टिकचा ट्रे, वर बारीक गज, मधे एक माडी आणि चढायला शिडी. एक छोटं चाकही आहे. दिवसभर चिकू कोपऱ्यात मुटकुळं करून झोपतो आणि आम्ही दिवे मालवले की दाराशी येतो. मागच्या दोन पायांवर उभा राहतो, खिट्टीजवळचा तो ठरलेला गज दातात धरतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे ओढत राहतो. त्या गजाचा पांढरा रंग निघून आतलं लोखंड दिसायला लागलंय. त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंचे केस गेलेत, खालची कातडी लालसर झालीय. आवाजाचा त्रास आहेच, नवऱ्याला पहाटेची लोकल गाठायची असते. पण त्याहून ते नाक बघवत नाही.

दुकानदार म्हणतो दात वाढतात म्हणून चावतो, लाकडी ठोकळा ठेवा. ठेवला. तो त्याला तोंडही लावत नाही. सासूबाई म्हणतात गजांना कडुनिंबाचं तेल लावून बघ. लेक रात्री उठून त्याला बाहेर काढतो, तेवढा वेळ थांबतो, परत आत ठेवलं की परत तेच. कुणी अनुभवी असेल तर सांगा.


गावठाण

आमच्याकडे ससा होता, तो खुर्चीचे पाय कुरतडायचा. लिंबाची फोड चोळली की दोन दिवस शांत. करून बघा.


वारूळ (सांगली)

सदाफुलीताई, लिंबू, तेल, तिखट यातलं काहीही लावू नका. एका गजाची चव बिघडवली तर तो शेजारचा गज धरेल, आणि सोललेल्या नाकाला लिंबू लागलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. सासूबाईंना काळजी वाटते म्हणून त्या सुचवताहेत, पण चिकूची अडचण गजात नाहीच. त्याला पायाखाली खणायला जमीन नाही.

मी बरीच वर्षं हॅमस्टर पाळतेय, कुणाकुणाचे नकोसे झालेलेही सांभाळलेत. गज चावणारा प्रत्येक जण जवळपास अशाच दुकानी पिंजऱ्यातून आला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा प्राणी मूळचा सीरियातल्या अलेप्पोच्या आसपासचा. 1930 साली तिथून एक मादी आणि तिची पिल्लं पकडून नेली, आणि आज जगभर घरांत असलेले सीरियन हॅमस्टर बहुतेक सगळे त्याच कुटुंबाचे वंशज आहेत. तिथल्या शेतांत संशोधकांनी यांची बिळं मोजली तेव्हा खोली 36 ते 106 सेंटीमीटर भरली. म्हणजे मुठीएवढा जीव जमिनीत हातभर खाली घर करतो. त्यात झोपायची खोली वेगळी, धान्याचं कोठार वेगळं, मुतारीसुद्धा वेगळी. गालाच्या पिशव्या भरभरून धान्य आणायचं, खाली नेऊन रचायचं, परत वर यायचं, हे त्याचं रात्रीचं काम. तुमच्या पिंजऱ्यात ट्रेवर किती भुसा आहे? दोन बोटं असेल. तिथे त्याला करण्यासारखं काही नाही, आणि बाहेर पडायचं दार तेवढं दिसतंय.

हे माझं नुसतं म्हणणं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात यावर नीट प्रयोग झालेत. 2006 मध्ये त्यांनी काही हॅमस्टरना 10 सेंटीमीटर भुसा दिला, काहींना 40, काहींना 80. 10 सेंटीमीटरवाल्यांनी इतरांपेक्षा कितीतरी जास्त गज चावले आणि चाकावरही ते जास्त पळत होते. पुढच्या वर्षी पिंजऱ्याच्या आकारावर प्रयोग केला: 1800, 2500, 5000 आणि 10000 चौरस सेंटीमीटर. गज सगळ्याच आकारांत चावले गेले, पण लहान पिंजऱ्यांत जास्त वेळा आणि जास्त वेळ. आता तुमच्या पिंजऱ्याचा हिशेब करा. दीड बाय एक फूट म्हणजे साधारण 1400 चौरस सेंटीमीटर. त्या प्रयोगातल्या सगळ्यांत लहान पिंजऱ्याहूनही कमी! माडी यात धरू नका. त्याला सलग जमीन लागते, जिन्यावरची खोली नको असते.

मग करायचं काय, तर काचेची माशांची टाकी घ्या. चार फूट बाय दीड फूट, उंची दीड फूट. नवी घेऊ नका, महाग पडते. माशांच्या दुकानात गळकी टाकी मागा. पाणी धरत नाही म्हणून ती त्यांच्या कामाची नसते, निम्म्याहून कमी किमतीत देऊन टाकतात. आपल्याला पाणी भरायचंच नाही. फक्त काठांना तडा किंवा धार नाही ना, ते हात फिरवून बघा. झाकणासाठी सुताराकडून लाकडी चौकट करून घ्या आणि तिला अर्ध्या इंचाच्या चौकोनांची लोखंडी जाळी (वेल्डमेश) ठोका. हवा वरून मोकळी यायला हवी, काच किंवा प्लायवूडचं झाकण चालणार नाही. टाकीला गजच नसल्यामुळे नाकाचं घासणं त्याच दिवशी थांबतं, पण नुसती टाकी देऊन भागत नाही. तळ रिकामा ठेवलात तर तो कोपऱ्यात काच खरवडत बसेल.

टाकीच्या एका बाजूला निदान दहा इंच भुसा भरा, दुसऱ्या बाजूला उतरत उतरत चार-पाच इंचांवर आणा. कागदाचा तयार भुसा ऑनलाइन मिळतो, अस्पेन लाकडाचाही मिळतो. नुसत्या कागदात बोगदा ढासळतो, म्हणून मधे मधे वाळलेल्या गवताचे थर द्या आणि प्रत्येक थर तळहाताने चांगला दाबा. सुताराकडचा फुकटचा भुसा आणायचा मोह होईल, तो टाळाच. त्यात प्लायवूडचा डिंक असतो, सागाची बारीक धूळ असते, ती यांच्या फुप्फुसाला सोसत नाही. देवदाराच्या भुशाचा वास आपल्याला छान वाटतो, पण त्यांना अपायकारक. आणि घरट्यासाठी म्हणून जो मऊ कापूस विकतात तो अजिबात घालू नका, त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि गालात अडकतात. साधा, बिनवासाचा टिश्यू फाडून द्या, तो स्वतः ओढून नेतो. दहा इंचांच्या ढिगात पहिल्यांदा शिरलेला हॅमस्टर बघाच तुम्ही. आधी पुढच्या पंजांनी माती उकरल्यासारखं करतो, मग मागच्या पायांनी तो सगळा भुसा मागे उडवतो, आणि थोड्या वेळात नुसतं भुशाचं वरचं अंग हलताना दिसतं.

चाकही बदला. तुम्ही छोटं म्हणताय, म्हणजे त्यात पळताना त्याची पाठ वाकत असणार. सीरियनला 28 सेंटीमीटर व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं चाक लागतं. काड्यांच्या चाकात पाय अडकून मोडतो. कमी भुशाच्या बाजूला सपाट दगड किंवा फरशी ठेवून तिच्यावर चाक मांडा, म्हणजे रुतणार नाही.

आणि वाटी काढून टाका. पाण्याची ठेवा, दाण्याची काढा. ज्वारी, बाजरी, जवस, थोडी सूर्यफुलाची बी, सगळं भुशावर विखरून द्या, थोडं आत पुरा. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात राळ्याची कणसं मिळतात, ती भुशात उभी खोचा. वाटीतलं खाणं दोन मिनिटांत गालात जातं आणि उरलेली रात्र रिकामी. विखरलेलं शोधायला त्याला तास जातो.

लेकाचं वय काय? त्याला एक समजावून सांगा. चिकू गज चावायला लागल्यावर बाहेर काढलं की चावलं म्हणजे दार उघडतं, हे तो चटकन शिकतो. बाहेर जरूर काढा, पण चावायला सुरू होण्याआधी, संध्याकाळी तो स्वतःहून उठला की.


भिंगरी (पशुवैद्य)

वारूळ यांनी राहणीबद्दल लिहिलंय त्याच्याशी सहमत. मी फक्त दाताचं बघते.

दात वाढतात हे दुकानदार खरं सांगतो. हॅमस्टरला 16 दात, त्यातले पुढचे चार जन्मभर वाढतात. पण ते झिजतात वरचे-खालचे एकमेकांवर घासून आणि कडक दाणे, लाकूड कुरतडून. लोखंडाने झिजत नाहीत, तुकडा उडतो किंवा दात तिरपा होतो. एक तिरपा झाला की समोरच्याला घासायला काही उरत नाही आणि तो वाकडा वाढून टाळूत घुसू शकतो. म्हणून चिकूचे दात एकदा दाखवून घ्या, आणि डॉक्टरांना फोनवर आधी विचारा की ते उंदीरवर्गीय प्राणी बघतात का, सगळे बघत नाहीत. दात पिवळे-नारिंगी दिसले तर घाबरू नका, तो त्यांचा नेहमीचा रंग. हनुवटी ओली राहणं, मऊ तेवढंच खाणं, वजन उतरणं ही धोक्याची चिन्हं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाडग्यात बसवून दर आठवड्याला वजन लिहून ठेवा.

नाकाला मलम लावू नका, तो चाटणारच. घासणं थांबलं की केस परत येतात. जखम ओली किंवा सुजलेली दिसली तर दाखवा. आणि हे मी प्रत्येकाला सांगते: घरात असलेलं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं कुठलंही औषध मनाने देऊ नका. माणसाला चालणारी ही औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि त्यातून जीव जातो.


सदाफुली

दोघींचे मनापासून आभार. लेक 10 वर्षांचा आहे, त्याला हे सगळं वाचून दाखवलं. त्याने लगेच पट्टी घेऊन पिंजरा मोजला. टाकीसाठी त्याच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी भिंतीलगत जागा होते.

थोडे प्रश्न आहेत. दोन मोठे प्लॅस्टिकचे डबे नळीने जोडले तर चालतील का? टाकी फार जड वाटतेय, आमचं भाड्याचं घर, वर्षा-दोन वर्षांत हलवावं लागतं. चावायला झाडाच्या फांद्या देता येतील का? सोसायटीत पेरू आहे, कण्हेर आहे, चाफा आहे. आणि त्याला एकटं वाटत असेल म्हणून चावतो का? लेक जोडीदार आणूया म्हणतोय.


ऊनसावली (नागपूर)

जोडीदार अजिबात नको. सीरियन मोठा झाला की एकटाच राहतो, दुसरा दिसला की रक्त निघेपर्यंत भांडतात. आमच्याकडे बहिणी-बहिणी म्हणून दिलेल्या दोन माद्या होत्या, त्या वेगळ्या कराव्या लागल्या.

टाकी घेणार असाल तर उन्हाळ्याचं आत्ताच बघा. काच तापते. खिडकीशी, पश्चिमेच्या भिंतीला, फ्रिजच्या मागे नको. तिशीच्या वर पारा गेला की यांना त्रास सुरू होतो. मातीची छोटी कुंडी आडवी करून भुशात अर्धी पुरा, आणि एक साधी फरशी ठेवा, तिच्यावर पोट टेकून पडतात. खोल भुसा इथेही कामाला येतो, वर गरम झालं की खाली जातात. पंख्याचा झोत थेट आत नको.


वारूळ (सांगली)

जोडीदाराचं उत्तर वर आलंच, त्यात बदल नाही.

दोन डबे जोडून जागा दुप्पट होत नाही. त्याला एका दमात धावता येईल, आडवा-उभा खणता येईल अशी सलग जागा हवी. टाकी जड वाटत असेल तर सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्या, तितक्याच मापाची, पुढची बाजू ॲक्रिलिकची. आतून बिनविषारी, पाण्यात कालवायच्या रंगाचा हात द्या आणि वास पूर्ण गेल्यावरच वापरा. कोपऱ्याच्या कडा कुरतडू नयेत म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी मारून घ्या. घर बदलताना रिकामी केली की दोघांना उचलते.

पेरूची फांदी उत्तम. फवारणी झालेली नसावी, बोटाएवढी जाड घ्या, धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. तुती मिळाली तर तीही द्या. कण्हेर विषारी आहे, तिची काडीही घरात आणू नका. चाफ्याला चीक असतो, तोही नको.

एक राहिलं. वाळू. काचेच्या पसरट भांड्यात दोन इंच वाळू द्या, तो तीत लोळून अंग साफ करतो, पुष्कळदा मुततोही तिथेच, म्हणजे भुसा लवकर घाण होत नाही. बांधकामाची रेती बारीक चाळणीने चाळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि जुन्या कढईत कोरडी भाजून गार करा. धूळ उडणारी पावडर सँडबाथ म्हणून विकतात, ती घेऊ नका.

नव्या घरात हलवताना जुना पिंजरा एकदम धुऊन टाकू नका. त्यातला घरट्याचा भुसा आणि साठवलेले दाणे तसेच उचलून नव्या भुशाच्या वर ठेवा, वास ओळखीचा लागतो. पहिले काही दिवस हात घालून बिळं मोडू नका, घाण दिसली तरी फक्त ओला भाग काढा. सवय जुनी झाली असेल तर टाकीतही काही रात्री तो कडा शोधत फिरेल, झाकणाकडे उड्या मारेल. तेवढ्यावरून परत पिंजऱ्यात टाकू नका.

आणि चिकू नर आहे ना, हे एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. दुकानात हमखास चुकीचं सांगतात. मादी असेल तर दर चौथ्या रात्री ती माजावर येते आणि त्या रात्री जास्त धावपळ करते. त्या एका रात्रीपुरती धावपळ वाढली तर तेवढं साहजिक आहे, त्यासाठी काही बदलायची गरज नाही.