मदत हवी आहे: प्रदर्शनात इंटरॅक्टिव्ह पॅनेल कसं पारखायचं?

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या शाळेसाठी ७५ इंची पॅनेल (फळ्याऐवजी वापरायचा मोठा टचस्क्रीन) बघायला आम्ही दोघे शिक्षक पुण्यातल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनाला जातोय. सकाळी हुतात्मा एक्सप्रेस, संध्याकाळी परत. हातात जेमतेम पाच-सहा तास. सात-आठ स्टॉलच नीट होतील.

काही चाचण्या ठरल्यात. वायफाय बंद करून पॅनेल रीस्टार्ट करायला लावायचं आणि धडा उघडतो का बघायचं. (स्टॉलवरच्या नेटवर सगळंच पळतं!) ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ टाइप करायचं; ‘ऱ्य’ फुटला की फॉन्ट कच्चा. कन्नड, तेलुगूही लिहून बघायचं आणि उर्दू उजवीकडून नीट सरकते का तेही. कंटेंटचं लायसन्स संपल्यावर धडे लॉक होतात का, हे लेखी घ्यायचं.

अडलंय ते टचपाशी. इन्फ्रारेड टच चौकटीतल्या अदृश्य किरणांवर चालतो. कडेला धूळ साचली किंवा खिडकीचं ऊन थेट पडलं की हात न लावताच टच लागतो, रेघ मध्येच तुटते. आपल्याकडची धूळ आणि एप्रिल-मेचं ऊन एसी हॉलमध्ये कुठून आणणार? चौकटीच्या आतल्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून त्याच रेषेत लिहून बघितलं, तर खरा अंदाज येतो का? की मोबाइलचा टॉर्च कडेवर मारावा?

दुसरं, ओपीएस कॉम्प्युटरसकट (पॅनेलच्याच खाचेत बसणारा छोटा कॉम्प्युटर) ७५ इंचीला १ केव्हीएचा यूपीएस पुरतो का? मागच्या लेबलवरचे कमाल वॅट धरायचे की स्टॉलवाला सांगतो ते?

वापरणाऱ्यांनीच सांगा, विक्रेत्यांनी कृपया नको.