भाव नको, खूण सांगा: आठवडी बाजारातली स्वस्त, टिकाऊ आणि चवीची खरेदी

भाव या बाजारी एक, पुढच्या बाजारी दुसरा. खूण मात्र बदलत नाही. आठवडी बाजारातून, गुजरीतून किंवा थेट वावरातून घेतलेली अशी एखादी वस्तू सांगा, जी कमी पैशात पडते, काम झाल्यावर मातीत मिसळते, नाहीतर जेवणाला चव आणते. ती ओळखायची कशी, किती घ्यायची आणि कुठे बिघडते, हे नेमकं लिहा. सुरुवात माठापासून करतो.

दर्यापूर, जि. अमरावती

माठ उजेडाकडे धरून आत बघा, मग बोटाच्या पेराने तीन-चार जागी वाजवा. सगळीकडून सारखा खणखणीत आवाज आला की भाजणी पक्की. एखाद्या जागी भद्द वाजला तर तिथे चीर आहे, किंवा माठ कच्चा भाजलाय. बाहेरून ऑइलपेंट मारलेला माठ घेऊ नका. रंगाने छिद्रं बुजतात, पाणी पाझरत नाही, आणि पाझरलं नाही तर वाऱ्याने उडणार काय आणि गार होणार काय?

नवा माठ २४ तास पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. नंतर दोनदा भरून ते पाणी झाडांना घाला, म्हणजे मातकट वास जातो. साबण कधीही लावू नका, माठ तो शोषून घेतो. तेलकट हात आत घालू नका, ओगराळं ठेवा. माठाची जागा वाऱ्याच्या वाटेवर हवी, खाली ओली रेती. बंद कोपऱ्यातला माठ चांगला असूनही पाणी कोमटच देतो आणि दोष कुंभाराला लागतो.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी भरलं की महिन्या-दीड महिन्यात माठावर पांढरा थर चढतो आणि गारवा उतरतो. माठ रिकामा करून एक दिवस गोड्या पाण्यात बुडवा, नारळाच्या काथ्याने बाहेरून घासा, उन्हात वाळवा. थोडा फरक पडतो. दोनदा करूनही पाझर सुरू झाला नाही तर तळाला भोक पाडून त्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, नाहीतर पुदिना लावा.

बाळापूर, जि. अकोला

माठाचं एक राह्यलं. पावसाळ्यात पाणी गार होत नाई म्हणून माठ फेकू नका. हवाच ओली असते तं पाणी उडन कसं? धुवा, कडक वाळवा अन् पालथा घालून ठेवा. ओला झाकून ठेवला तं आतून बुरशी धरते, अन् मंग तो वास काई केल्या जात नाई.

मोर्शी, जि. अमरावती

संत्रा. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यातले दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, ग्राहकाला वेगळे ओळखता येत नाहीत. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. आंबियाच्या सुरुवातीला साल हिरवट असली तरी फळ आत तयार असू शकतं, कारण सालीला रंग रात्रीच्या थंडीने चढतो. म्हणून रंगावर जाऊ नका, फळ हातात तोला. आकाराच्या मानाने जड लागलं तर रस आहे. मोठं, फुगीर आणि सालीखाली पोकळ लागणारं फळ आतून कोरडं निघतं. घरच्यासाठी चुरी, म्हणजे बारीक फळं, बिनधास्त घ्या. व्यापारी आकार बघून भाव पाडतो, चव बघून नाही.

साली फेकू नका, त्यांचं फरशी पुसायचं पाणी होतं. प्रमाण वजनावर: १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, वरची जागा रिकामी राहू द्या. पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडा. एवढ्या कामाचा कंटाळा केला तर बाटली फुगते आणि काचेची असेल तर फुटते. काच वापरूच नका. तीन महिन्यांनी गाळा. आंबटगोड वास आला तर जमलं. काळी बुरशी आणि कुजका वास आला तर खताच्या खड्ड्यात टाका. बहुतेक वेळा साली पाण्याच्या वर तरंगत राहिल्या, हे त्याचं कारण असतं. बाटली हलवून त्या बुडवत राहा. अर्ध्या बादलीला दोन झाकणं पुरतात. उरलेला चोथा थेट झाडाखाली नको, आधी शेणखतात मुरू द्या.

वणी, जि. यवतमाळ

वरच्या संत्रासालींच्या पाण्याबद्दल एक सावधगिरी. ते आंबट असतं, आणि शहाबादी, कडप्पा व संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. आंबटाने त्यांची चमक जाते आणि खरखरीत डाग पडतात, ते पुसून निघत नाहीत. सिमेंटच्या पॉलिश फरशीलाही हे पाणी सोसत नाही. चिनी मातीच्या टाइल्स, बेसिन, मोरीची जाळी यांना चालेल.

दगडी फरशीसाठी रिठा वापरा. १० ते १२ रिठे फोडून बिया काढा. फेस सालीत असतो, बीत नाही. एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५ मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून गाळा. याच पाण्यात रेशमी आणि लोकरी कपडेही निघतात. दोन-तीन दिवसांत ते आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करा. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं. रिठे घेताना वाजवून पाहा: आत बी खुळखुळली आणि साल तेलकट, चिवट असली तर चांगले. सालीला बारीक भोकं आणि खाली भुकटी दिसली तर कीड लागलेली आहे.

भिवापूर, जि. नागपूर

वर्षाची मिरची घेताना देठाजवळ वाकवा. कातड्यासारखी वाकली तर ओल आहे, म्हणजे पाण्याचे पैसे देताय आणि घरी बुरशी आणताय. कडकन मोडली आणि बी वाजली तर घ्या. पांढरे चट्टे पडलेली फटकी स्वस्त मिळते, पण ना रंग ना तिखटपणा. ती मिसळून दळलेली पूड पहिल्या महिन्यातच फिकी पडते. भिवापुरी मिरचीची साल जाड असते, त्यामुळे बोटांना वाळल्यासारखी लागली तरी आत ओल राहू शकते. घरी आणून दोन कडक उन्हं द्या, देठ काढा, आणखी एक ऊन देऊन गरम असतानाच गिरणीवर न्या. बरणीत हिंगाचे दोन-तीन खडे टाका.

तयार पूड घेतली असेल तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर सोडा. तळाशी बसलेला गाळ बोटांनी चोळा. कचकचला तर विटेची भुकटी, साबणासारखा गुळगुळीत लागला तर शंखजिऱ्याची, म्हणजे मऊ दगडाची.

समुद्रपूर, जि. वर्धा

वायगावची हळद आमच्या तालुक्यातली. भिवापुरी मिरची आणि ही हळद, दोघींना २०१६ मध्येच मानांकन मिळालं. पूड घेऊ नका, हळकुंड घ्या. मोडताना कट्कन आवाज यावा आणि आत गडद नारिंगी दिसावं. बाहेरून फार पिवळंधमक हळकुंड असेल तर पाण्यात टाकून बघा. पाणी लगेच पिवळं झालं तर वरून रंग चोपडलाय. दळण्याआधी खलबत्त्यात फोडून तुकडे करा, अख्ख्या हळकुंडाने मिक्सरचं पातं जातं.

धानोरा, जि. गडचिरोली

बांबूचं सूप, टोपली किंवा शिबलं घेताना आधी कामट्यांची, म्हणजे विणलेल्या बांबूच्या पट्ट्यांची, पाठ बघा. बांबूची बाहेरची बाजू, जिच्यावर हिरवी चकचकीत साल असते, ती टणक. आतलं पोट मऊ आणि पिठूळ. किडा पोटालाच लागतो, कारण त्याचं खाणं तिथे असतं. स्वस्त टोपल्यांत सगळ्या कामट्या पोटाच्या असतात. ती फुलं ठेवायला चालेल, धान उचलायला नाही. ओळखायची सोपी रीत: पांढऱ्या कपड्यावर दोनदा आपटा. पिवळसर पीठ पडलं तर किडा आत आहे.

नव्या सुपाला लेप द्या, म्हणजे फटी बुजतात. रद्दी कागद दोन दिवस भिजवून लगदा करा, रात्रभर भिजवलेली मेथी बारीक वाटून त्यात मिसळा. एका सुपाला लगदा दोन ओंजळी आणि कोरडी मेथी एक वाटी. पातळ थर हाताने दाबून लावा, सावलीत वाळवा, मग दुसरा थर. उन्हात घाईने वाळवला तर पापुद्रे सुटतात. पाण्याने धुवायचं नाही, कोरड्या कापडाने पुसायचं. चुलीच्या धुरावर टांगलेलं सूप कितीतरी वर्षं जातं. गॅसच्या घरात तो धूर नाही, तेव्हा पावसाळा संपल्यावर दोन दिवस कडक ऊन तरी दाखवा.

साकोली, जि. भंडारा

पत्रावळ पळसाची घ्या, पण काठ फाडून बघा. हल्ली पानाखाली पुठ्ठा आणि वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेली येते. फाडताना तो पापुद्रा ताणला जातो, पान ताणलं जात नाही. खरी पत्रावळ बांबूच्या काडीने टाचलेली असते. कोरडी पडून तडकत असेल तर पंगतीच्या अर्धा तास आधी पाण्याचा हबका मारा आणि ओल्या फडक्यात गठ्ठा गुंडाळा. ओली करून रात्रभर ठेवू नका, सकाळी काळे डाग पडतात. रस्सा असेल तर द्रोण दुहेरी पानाचा सांगा.

बेसनाबद्दल एक ओळ: चण्याची डाळ घेऊन स्वतः दळून आणा. आमच्याकडे लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, पिकते आणि ती डाळीत मिसळली जाते. डाळ घेताना बघा: लाखोळीचा दाणा गोल नसतो, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूला निमुळता असतो.

धारणी, जि. अमरावती

वाळलेली मोहफुलं. लालसर तपकिरी, सुटी सुटी, मनुकेसारखी घ्या. काळी पडलेली, गोळा झालेली आणि दारूसारखा वास येणारी सोडून द्या, ती अर्धी ओली असताना पोत्यात भरलेली असतात. फुलं जमिनीवरून वेचतात, म्हणून माती असतेच. चाळणीत चोळून आतले केसर आणि खडे काढा, दोन पाण्यांतून झटपट धुवा, उन्हात पुन्हा वाळवा. भिजत ठेवली तर गोडवा पाण्यात जातो.

लाडूसाठी २ वाट्या मोहफुलं, १ वाटी तीळ, अर्धी वाटी फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे. गूळ लागत नाही. लोखंडी तव्यावर मंद आचेवर फुलं परता. आधी मऊ पडतील, मग गार केल्यावर कुरकुरीत होतील. तिथेच थांबा, पुढे गेली की कडू. तीळ आणि दाणे वेगळे भाजा. उखळात आधी दाणे, मग तीळ, शेवटी फुलं कुटा. त्यांच्या तेलाने मिश्रण सुटं राहतं. फुलं आधी टाकली तर मुसळाला चिकट गोळा बसतो. पावसाळ्यात मोह ओल ओढतो, डबा घट्ट झाकणाचा हवा.

अकोट, जि. अकोला

हुरड्यासाठी ज्वारी 'वाणी' नावाच्या जातीची हवी. दाण्यावर नख दाबा. पांढरं दूध उडालं तर दोन-तीन दिवस थांबा, नख रुतून मऊ पिठासारखं लागलं तर आजच, नख रुतलं नाही तर वेळ गेली. कणीस खुडल्यापासून गोडवा कमी होत जातो, म्हणून सकाळी खुडलेलं सकाळीच भाजा. गोवऱ्यांचा धूर पूर्ण जाऊ द्या, निखाऱ्यांत कणसं फिरवत भाजा, गरम असतानाच पोत्यावर चोळा. गार झालं की कोंडा सुटत नाही. बाजारातला सुटा हुरडा हातात घ्या. दाणे सुरकुतलेले असतील तर कालचा आहे.

सोबत जवसाची चटणी: १ वाटी जवस तडतड थांबेपर्यंत भाजा, ८-१० लसूण पाकळ्या, १ चमचा तिखट, मीठ. दोन आठवड्यांची करा, त्याहून जास्त नको. जवसाचं तेल लवकर खवट होतं.

हिंगणघाट, जि. वर्धा

फोमच्या गादीपेक्षा कापसाची भरून घ्या. ३ बाय ६ फुटांना ८ ते १० किलो रुई. चिमूटभर जाळून बघा. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होतो. वितळून कडक मणी झाला तर भेसळ. तीन-चार वर्षांनी पिंजून घेतली की पुन्हा नवी.

दारव्हा, जि. यवतमाळ

बाजार उठताना घ्यायच्या दोन वस्तू: भेदरं, म्हणजे टमाटर, आणि वांगी. पालेभाजी तेव्हा घेऊ नका, ती दिवसभर पाणी मारून काळवंडलेली असते. गावरान काटेरी वांगं हातात हलकं लागावं, देठ हिरवा असावा. जड वांग्यात बी भरलेलं असतं.

वांगी असली की रोडगे, म्हणजे राखेत भाजलेले कणकेचे गोळे. ६ ते ८ जणांना १ किलो गव्हाचं जाडसर पीठ, दीड वाटी फल्ली तेल, ओवा, मीठ. पीठ घट्ट मळा, पण भेगा पडू देऊ नका, भेगांतून राख आत जाते. लिंबाएवढी गोळी करून तिला तेल लावा, तिच्यावर लाटलेली पारी गुंडाळा, पुन्हा तेल, पुन्हा पारी. असे चार थर. हे थर नसले की आतला गोळा कच्चाच राहतो. २५-३० गोवऱ्या पेटवून ज्वाळ आणि धूर संपू द्या. निखाऱ्यांवर रोडगे १५ मिनिटं फिरवत शेका, मग गरम राखेत पूर्ण पुरून अर्धा-पाऊण तास विसरून जा. ज्वाळेवर ठेवले तर वरून कोळसा, आत पीठ. बाहेर काढून फडक्याने राख झटका, दोन्ही हातांनी दाबून फोडा. थर सुटे झाले आणि वाफ आली की तूप घाला.

नरखेड, जि. नागपूर

रोडग्यांच्या त्या गोवऱ्यांची राख टाकू नका, भांडी घासायला ठेवा. गार झाल्यावर कापडातून चाळा, खड्याने भांड्याला ओरखडे पडतात. घासणी म्हणून चोपडा दोडका, म्हणजे घोसाळं: वेलावरच तपकिरी, हलका आणि बिया वाजणारा होऊ द्या. दिवाळीनंतर उतरवा, रात्रभर पाण्यात ठेवा, साल हाताने निघते, बिया झटकून पुढच्या पेरणीला ठेवा. हिरवा असताना सोललेला दोडका आठवड्यात लिबलिबीत होतो. एका दोडक्याचे तीन तुकडे होतात. तुकडा दर आठवड्याला १० मिनिटं उकळा, दोरीला टांगून वाळवा, महिन्याभराने बदला. पितळेला राखेसोबत चिंचेचा कोळ लावा. नॉनस्टिक तव्याला मात्र राख लावू नका, लेप निघतो.