मदत हवी आहे: ओटीजीत एकाच ट्रेमध्ये चिकन आणि भाज्या (घरात एक माळकरी, एक रस्सेवाले)

ज्वारीची_लेक

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, निमित्ताने नणंद आणि नंदावे येणार आहेत. नंदीध्वज, अक्षता, होम हे सगळं पार पडेपर्यंत आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणून बेत त्यानंतरच्या रविवारी रात्री ठेवलाय.

नेहमीचं सुक्कं आणि रस्सा करायचं म्हटलं की वाटण, फोडणी, दोन पातेली, एक कढई, आणि मी सगळा वेळ ओट्यापाशी. पाहुणे बाहेर गप्पा मारणार आणि मी आतून "हो का?" म्हणणार. यंदा ते नको आहे. व्हिडिओत बघते, एका ट्रेत चिकन, बटाटे, गाजरं रचतात, ओव्हनमध्ये सरकवतात आणि हात पुसत बाहेर येऊन बसतात. तसं काहीतरी हवंय.

आता घरची परिस्थिती सांगते, म्हणजे कुणी उगाच ऑलिव्ह आणि रोजमेरी सुचवायला नको. २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे, दिवाळीत नानकटाईसाठी घेतलेला. चिकन खाणारे सहा, त्यात आठ वर्षांचा मुलगा, त्याला तिखट चालत नाही. सासऱ्यांना रस्सा लागतो. कोरडं चिकन म्हणजे त्यांच्या मते डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य. सासूबाई माळकरी आहेत. घरात चिकन करायला त्यांची ना नाही, पण त्याची भांडी वेगळी. ओटीजी मात्र एकच.

प्रश्न: अख्खी कोंबडी घ्यावी की तुकडे? दुकानदार सोलूनच देतो, ते चालेल का? भाज्या आणि चिकन एकाच वेळी कसे शिजतात, बटाटा तर किती वेळ घेतो! आणि भाकरी कशात कुस्करायची?

मीठमिरची

एवढा खटाटोप कशाला? गावरान कोंबडी आणा, चुलीवर टाका. ओव्हनमधलं चिकन म्हणजे हॉस्पिटलचं चिकन.

लीड्सचा_सोलापूरकर

मीठमिरची, तुमचा मुद्दा चुलीपुरता बरोबर, पण तिने विचारलंय वेगळं. आणि ताई, गावरान ओटीजीत अजिबात घालू नका. ती वयाने मोठी, चालून-पळून घट्ट झालेली असते, तिला पाण्यात रटरटायलाच हवं. कोरड्या आचेवर ती चामट होते. यासाठी बॉयलरच बरा.

अख्खी कोंबडी विसरा. इकडे रविवारच्या जेवणाला अख्खी भाजतात खरी, पण त्यातही छातीचा भाग आधी होतो आणि मांडीचा मागाहून. मांडी शिजेपर्यंत छाती भुसभुशीत कोरडी. शिवाय २८ लिटरच्या ओटीजीत अख्खी कोंबडी वरच्या रॉडच्या फार जवळ जाते, पाठ करपते. सहा पूर्ण तंगड्या घ्या, मांडीसकट. सव्वा ते दीड किलोच्या आत बसतात. सगळे तुकडे एकसारखे असले की एकाच वेळी होतात आणि "मला लेग पीस" हे भांडणही मिटतं.

कातडीबद्दल: दुकानदार सोलायला घेण्याआधीच सांगावं लागतं, "सोलू नका, केस नीट काढून द्या." सकाळी गर्दीच्या आत गेलात तर देतात. कातडी वितळून तिचं तूप खालच्या बटाट्यांवर पडतं, या प्रकाराची सगळी मजा त्यात आहे.

आदल्या रात्री मीठ (किलोला साधारण दोन चपटे चमचे), हळद, ठेचलेला लसूण, लिंबाचा रस थोडा. फ्रीजमध्ये झाकण न ठेवता खालच्या खणात. सकाळी कातडी हाताला कागदासारखी कोरडी लागली पाहिजे. ओला भाग १०० अंशांच्या वर तापतच नाही, आणि त्याखाली लाल रंग येत नाही. व्हिडिओतल्यासारखं का होत नाही, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या ओलाव्यात असतं.

ज्वारीची_लेक

दादा, खूप आभार. पण कातडी आमच्याकडे ताटात दिसली तर नंदावे उठतील. सोललेल्या तंगड्यांचं काय?

लीड्सचा_सोलापूरकर

मग दह्याचा चक्का. दही रात्रभर फडक्यात टांगा, त्यात मीठ, आलं-लसूण, हळद, धणेपूड आणि दोन चमचे तेल. तंगड्यांना दोन-तीन खोल चिरा देऊन जाड थर लावा. साधं दही लावलंत तर पाणी सुटून ट्रेत तळं होईल, चक्काच हवा. तो मांसावर पांघरुणासारखा बसतो आणि आतला रस आत राहतो. भाज्यांना मात्र मग वेगळं तेल चोळावं लागेल.

तेल शेंगदाण्याचं घ्या. घाण्याचं करडई तेल भाकरीबरोबर अमृत आहे, पण २०० अंशांना धूर सोडतं.

बल्लव_सात_रस्ता

भाज्यांचं मी सांगतो.

एकाच ट्रेत म्हणजे एकाच वेळी असं नाही. ट्रे एक, पण पाळ्या तीन. बटाटे चार-चार फोडी करून मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळून घ्या, निथळवा आणि झाकण लावून पातेलं दोनदा हलवा, म्हणजे कडा खरबरीत होतात. त्या कडाच पुढे कुरकुरीत होतात. ओटीजी दोन्ही रॉडवर २०० ला पंधरा मिनिटं तापवा. बटाटे, जाड कापलेली गाजरं, मोठे चिरलेले कांदे आणि सालासकट लसणाच्या पाकळ्या तेल-मीठ चोळून आधी आत. पंधरा मिनिटांनी तंगड्या वर ठेवा, चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. फ्लॉवरचे तुरे शेवटची वीस मिनिटं उरली की.

सध्या मंडईत जी लाल गाजरं येतात ती रसाळ असतात, लवकर मऊ पडतात. अंगठ्याएवढी जाड ठेवा. टोमॅटो, दुधी, दोडका नको. नुसतं पाणी.

सगळ्यात मोठी गोष्ट: गर्दी करू नका. फोडी एका थरात, मध्ये जागा. एकावर एक पडल्या की त्या भाजल्या जात नाहीत, वाफवल्या जातात. सहा तंगड्यांबरोबर त्या ट्रेत अर्धा किलो बटाटे, दोन गाजरं, तीन कांदे, बस्स.

काळं तिखट आधी लावू नका. तासभर आचेवर मसाला जळतो, कडू होतो आणि घरभर ठसका उठतो.

पूर्वभागकर

शिजलं की नाही कसं कळणार ते कुणी सांगितलं नाही. मांडीच्या जाड भागात सुरी खुपसा, पाणी स्वच्छ आलं पाहिजे. मांसाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंशांना चिकन खायला सुरक्षित, पण तंगडी ८० च्या पुढे गेली की जास्त मऊ लागते, घाबरू नका. बॉयलर कोवळाच कापतात, त्याच्या हाडातला रंग पाझरून हाडाजवळ लालसर दिसतं. पाणी स्वच्छ असेल आणि मांस हाडावरून सुटत असेल तर तो कच्चेपणा नव्हे. नंदाव्यांना आधीच सांगून ठेवा.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या. लगेच कापलं की रस ताटात.

आणि धुण्याबद्दल. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याने २०१४ साली "कच्चं चिकन धुऊ नका" अशी मोहीमच काढली होती, कारण नळाखाली धुताना शिंतोडे उडतात आणि जंतू ओटाभर पसरतात. आपल्याकडे हे सांगितलं तर सून घराबाहेर. निदान पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, धार सोडू नका, आणि नंतर सिंक गरम पाण्याने घासा. कोशिंबिरीचं साहित्य त्याआधी चिरून बाजूला.

वायरमन_काका

पोरी, २८ लिटरचा ओटीजी साधारण १५०० वॅटचा असतो. म्हणजे साडेसहा अँपिअर. फ्रीजशेजारच्या छोट्या सॉकेटला लावू नकोस, गीझरचा असतो तसा १६ अँपिअरचा पॉवर प्लग पाहिजे. तासभर सलग चालला की छोट्या सॉकेटची पिन काळी पडते, प्लास्टिकचा वास येतो. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. इन्व्हर्टरवर हे ओढणार नाही.

लाईट गेली तर दार उघडू नकोस, दहा-पंधरा मिनिटं आतली उष्णता काम करत राहते. जास्त वेळ गेली तर सगळं पसरट कढईत काढून झाकण ठेवून गॅसवर संपव.

भाकरीतुकडा

रश्श्याचं मी बोलते, कारण माझ्याही घरी असा एक नमुना आहे.

चिकन आणि भाज्या ताटात काढल्या की ट्रेच्या तळाशी तपकिरी थर आणि रस राहतो. तो ओतून देऊ नका. कपभर कडकडीत पाणी ओता, लाकडी उलथन्याने तळ खरवडा, सगळं छोट्या कढईत घ्या. भाजलेल्या लसणाच्या चार-पाच पाकळ्या सालातून पिळून त्यातच चेचा. चमचाभर काळं तिखट, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, आणखी दोन वाट्या गरम पाणी, मीठ बघून. एक उकळी. पाच मिनिटांचं काम. हा रस्सा बाजूला असल्यामुळे मुलाच्या ताटात तिखट जातच नाही.

तुमच्याकडे बिडाचं पसरट पॅन असेल आणि ते ओटीजीत बसत असेल तर निम्मं चिकन त्यात करा. तेच पॅन मग गॅसवर चढतं, कढईसुद्धा घासायला नको. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे थेट गॅसवर ठेवू नका, वाकडा होतो.

भाकरी कडक घ्या. मऊ भाकरी या पातळ रश्श्यात लगेच विरघळते, कडक भाकरी कुस्करली की रस पितेही आणि दाताखालीही येते.

सासूबाईंचं थोडं नाजूक आहे. ट्रे वेगळा घ्याच, पण खरं तर त्यांनाच विचारा. काही माळकऱ्यांना वेगळा ट्रे पुरतो, काहींना तोच ओटीजी नको असतो. चालत असेल तर त्यांचा ट्रे आधी, ओटीजी अजून स्वच्छ असताना. चिकनचा नंतर. आधीच्या ट्रेमुळे ओटीजी तापलेलाही राहतो, तुमचाच वेळ वाचतो.

ज्वारीची_लेक

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "माझं आधी कर, आणि नानकटाईचा ट्रे त्याला लावू नकोस." म्हणजे प्रश्न ट्रेचाच होता! चिकनसाठी नवा ट्रे आणते. त्यांच्यासाठी रताळी, फ्लॉवर, बटाटे आणि ओले मटार असं करू का?

बल्लव_सात_रस्ता

मटार शेवटची पाच मिनिटं, नाहीतर छर्रे होतील. रताळं बटाट्यापेक्षा लवकर होतं आणि साखरेमुळे लवकर काळं पडतं, मोठे तुकडे ठेवा. एक आमच्या घरची युक्ती: बटाटे बाहेर काढल्या काढल्या, गरम असताना, वरून शेंगा चटणी भुरभुरा आणि बाजूला घट्ट दही. ती ओव्हनमध्ये घालायची नाही, करपते. माळकरी, रस्सेवाले, लहान पोरं, सगळे त्या वाटीवर तुटून पडतात.

मीठमिरची

हे मात्र करून बघणार. चटणी घरची की दुकानची?

बल्लव_सात_रस्ता

सोलापुरात राहून हा प्रश्न विचारलालाव बे?

ज्वारीची_लेक

झालं एकदाचं! सगळ्यांसाठी लिहून ठेवते.

चिकन चक्क्यातलं केलं, सोललेलं. सासूबाईंचा ट्रे साडेसहाला लावला, त्यांचं जेवण हरिपाठानंतर गरम गरम झालं. चिकनचा ट्रे साडेसातला. २०० वर पन्नास मिनिटं लागली, कारण आमचा ओटीजी मागच्या बाजूला जास्त तापतो आणि मध्ये एकदा ट्रे फिरवावा लागला. दार उघडलं की आच उतरते, त्याचा वेळ धरावा. शेवटची पाच मिनिटं फक्त वरचा रॉड ठेवला, चक्क्यावर बारीक काळे ठिपके आले, तंदूरसारखे. कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्या करपून कागद झाल्या, आतल्या मात्र मुरंब्यासारख्या गोड. मुलाने त्याच शोधून खाल्ल्या.

रस्सा भाकरीतुकडा ताईंच्या पद्धतीने. चक्का ट्रेत गळल्यामुळे थोडा फुटल्यासारखा दिसत होता, कूट घातल्यावर मिळून आला. सासरे पहिल्या घासाला काही बोलले नाहीत. दुसरी भाकरी मागितली, मग म्हणाले, "रस्सा कमी केलास." आमच्याकडे याला पसंती म्हणतात.

मी बाहेर बसले होते का? बसले होते. नणंदेशी पाऊण तास सलग बोलले, बऱ्याच दिवसांनी. चक्का टांगणं, उकडणं, चिरणं हे आधीचं काम आहेच, ते कुणी व्हिडिओत दाखवत नाही. पण पाहुणे आल्यावर ओट्यापाशी काही नसतं.

पुढच्या वेळी पाणी दोन वाट्यांऐवजी तीन, आणि तंगड्या सात.

नवी_सून_होटगी_रोड

ताई, माझ्याकडे ओटीजी नाही, कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आहे. त्यात होईल का? ट्रे कुठला वापरायचा?

लीड्सचा_सोलापूरकर

होईल. कन्व्हेक्शन मोडवरच ठेवा, तापमान २०० ला पोचतं का ते आधी रिकामा चालवून बघा, काहींचं तेवढं जात नाही. मग १८० वर दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. काचेचं बोरोसिलचं पसरट भांडं सोयीचं. धातूचा ट्रे फक्त निव्वळ कन्व्हेक्शनवर आणि कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, भिंतींना टेकता कामा नये. मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन एकत्र चालणारा मोड धातूबरोबर लावू नका. आणि फिरती ताटली लहान असते, म्हणून सहाऐवजी चारच तंगड्या घ्या, नाहीतर कोपरे अडकून ताटली फिरायची थांबते आणि एकच बाजू भाजते.