शब्दचर्चा : ‘फ्लायर’ला पत्रक म्हणावे का?

लंडनच्या व्हॉक्सहॉल भागात रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न नावाचा जुना पब आहे. १९९५ मध्ये तिथे ‘डकी’ ही क्वीअर (समलिंगी, ट्रान्स अशा सगळ्यांची) क्लब नाइट सुरू झाली आणि पंचवीसहून जास्त वर्षे शनिवारच्या शनिवार भरत राहिली. नाचगाणे आणि मधेमधे रंगमंचावर छोटे, धीट प्रयोग, असा तिचा थाट. अशा रात्रींच्या फ्लायरांवर मी एक लेख लिहिते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडकले आहे. फ्लायर म्हणजे खिशात मावेल एवढे छापील कार्ड. ते कुणीतरी हातात देते, किंवा बारच्या टेबलावरून आपण उचलतो. त्याला ‘पत्रक’ लिहिले आणि वाक्य एकदम सरकारी झाले. ‘क्लब नाइट’, ‘टर्न’ आणि ‘ड्रॅग’ (बहुधा दुसऱ्या लिंगाचा भडक वेष घेऊन केलेला रंगमंचीय खेळ) यांनीही छळले आहे. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

‘पत्रक’ नकोच. परिपत्रक, प्रसिद्धिपत्रक, निषेधाचे पत्रक या सगळ्यांमागे एखादी संस्था उभी असते आणि तिला काहीतरी कळवायचे असते. ‘हस्तपत्रक’ कोशात ठीक, बोलण्यात मी कधी ऐकलेले नाही. ‘हँडबिल’ मात्र मराठीत चांगले मुरले आहे. नाटकवाल्यांनी आणि सर्कसवाल्यांनी ते घरोघरी पोहोचवले. पण हँडबिल सगळ्या गावासाठी असते. जो दिसेल त्याच्या हातात कोंबायचे. तुम्ही म्हणता ते कार्ड कुणाच्या हातात पडते आहे याला महत्त्व आहे. शब्द ‘फ्लायर’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात वर्णन करा.

‘क्लब नाइट’बद्दल : मराठीत क्लब म्हटले की जागा डोळ्यांपुढे येते. इथे जागा पबची आहे आणि ‘नाइट’ हा तिथे ठरावीक वारी भरणारा कार्यक्रम. जागा बदलली तरी नाइटचे नाव टिकते. म्हणून ‘डकी नावाचा क्लब’ असे लिहू नका, चूक होईल. ‘मैफल’ही नको. मैफल बसून ऐकतात.

प्रतिसाद

पत्रकाला इतक्या लवकर हाकलू नका. तुमच्या लेखातला ‘क्वीअर’ हा शब्द आज अभिमानाने छापला जातो, त्यात एका पत्रकाचा मोठा वाटा आहे. इंग्रजीत ती शिवी होती, रस्त्यावर मागून ओरडून दिलेली. जून १९९० मध्ये न्यू यॉर्कच्या प्राइड मोर्चात एक निनावी पत्रक वाटले गेले. हाच शब्द का घ्यायचा, हे त्यात सांगितले होते : ‘गे’ हा शब्द चांगला आहे, पण सकाळी उठल्यावर आमच्यापैकी अनेकांना आनंद नव्हे, संताप वाटतो. एड्सने माणसे मरत होती, तो हा काळ. ते खरोखर पत्रक होते. त्याला काही मागायचे होते. क्लबच्या फ्लायरला काही मागायचे नसते, ते बोलावते. फरक मी इथे करीन, कागदाच्या आकारात नाही.

आणि कृपा करून ‘क्वीअर’चे ‘विलक्षण’ करू नका. ‘समलिंगी’ही अपुरे, कारण क्वीअरमध्ये ट्रान्स माणसेही आली आणि कुठल्याच खणात न बसणारीही आली.

प्रतिसाद

‘टर्न’साठी माझ्याकडे एक शब्द आहे : बारी. ब्रिटिश बोलीत रंगमंचावर येणाऱ्या कलाकाराला किंवा त्याच्या सादरीकरणाला ‘टर्न’ म्हणतात. मूळ अर्थ पाळी. आपल्याकडे ‘बारी’चा मूळ अर्थही पाळीच, आणि तोच शब्द सादरीकरणाला लागला : संगीत बारी, भजनातली डबलबारी. दोन भाषा एकाच वाटेने गेल्या आहेत, हे पाहून मला फार आनंद झाला. ‘आज रात्री तीन बाऱ्या’ असे वाचून पाहा. ‘तीन सादरीकरणे’मध्ये तो दम नाही.

‘ड्रॅग’ मात्र तसाच राहू द्या. ‘स्त्रीपार्टी’ असे मला आधी सुचले होते, पण ते फसवे आहे. स्त्रीपार्टी नट प्रेक्षकाने त्याला बाई मानावे म्हणून जीव ओततो. ड्रॅगमध्ये बनाव दिसायला हवा असतो, मजा त्या बनावाचीच. शिवाय पुरुषवेषातले ड्रॅग किंगही असतात, त्यांना काय म्हणणार?

मूळ लेखिका

बारी! हा मी घेतलाच. ‘मागणे’ आणि ‘बोलावणे’ हा फरकही मनापासून पटला.

बोलावण्याला त्या जागेत काय वजन होते, तेही सांगते. याच पबवर १९८७ मध्ये पोलिसांनी धाड घातली, तेव्हा एड्सच्या भीतीने त्यांनी हातांत रबरी मोजे घातले होते. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये कलम २८ आले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करायला बंदी झाली. इंग्लंडमध्ये ते २००३ पर्यंत टिकले. म्हणजे ‘डकी’च्या पहिल्या आठ वर्षांत हे कलम कायद्यात होतेच. २०१५ मध्ये त्याच इमारतीला क्वीअर इतिहासातल्या महत्त्वासाठी वारसा म्हणून संरक्षण मिळाले.

अनुवादात जपायची आणखी एक गोष्ट : अशा कार्डांवर बहुधा साल नसते. ‘शनिवार, १८ नोव्हेंबर’ एवढेच. पुढच्या आठवड्यात कार्ड टाकूनच द्यायचे, साल कशाला? पण ही तारीख आणि वार १९९५, २०००, २००६ आणि २०१७ या चारही वर्षांत जुळतात. अशा वेळी छापलेला फोन नंबर मदतीला येतो. लंडनचा ०१७१ हा कोड एप्रिल १९९५ मध्ये आला आणि २००० मध्ये त्याच्या जागी ०२० आला. ०१७१ असेल तर कार्ड १९९५ चे. हा शोध मी तळटीपेत देईन, कार्डाच्या मजकुरात साल घुसडणार नाही.

आता शेवटचा प्रश्न. फ्लायरवरच्या इंग्रजी ‘यू’चे काय करू? ‘तू येतोस’ की ‘तू येतेस’? मराठी लगेच लिंग विचारते, आणि या कार्डावर नेमके तेच विचारायचे नाही.

प्रतिसाद

मग तिला विचारू देऊ नका. ‘तू’ सोडा, ‘तुम्ही’ घ्या. ‘तुम्ही येता’, ‘तुम्ही आलात’ यांत लिंग दिसत नाही. आज्ञार्थात तर ते मुळीच नसते : या, नाचा, थांबा. ‘आलेल्यांचे स्वागत’ही चालेल, सामान्यरूपात लिंग विरघळते. फक्त ‘आलेला प्रत्येक जण’ टाळा. तुमच्या कार्डाची ओळ मी अशी करीन : ‘शनिवारी रात्री नऊला दार उघडेल. जसे आहात तसे या. तीन बाऱ्या, मग नाच.’

मूळ लेखिका

‘जसे आहात’मधले ‘जसे’ पुल्लिंगी वाटणार नाही ना?

प्रतिसाद

नाही. ते इथे ‘ज्या तऱ्हेने’ या अर्थाचे क्रियाविशेषण आहे. बाईलाही आपण ‘आहात तसे या’ म्हणतोच. निश्चिंतपणे छापा.